अमर गुरू म्हणजे नेमकं काय? बाबाजी, गहिनीनाथ आणि क्रियायोग

हिमालयात एक योगी आहे. शतकानुशतकं तो त्याच देहात आहे, दिसायला पंचविशीचा आहे, आणि साधक तयार झाला की तोच साधकाला शोधत येतो. महावतार बाबाजींविषयीची ही कथा आज गोव्यात मोरजी-हरमलच्या योगवर्गांत ऐकू येते आणि घराघरांतल्या देवघरांतही. श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ही कथा कोणी आणि कधी लिहिली, तिच्यात दावा काय आहे आणि तिच्या नावाने शिकवली जाणारी साधना, म्हणजे क्रियायोग, कशी असते, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. कारण या नावावर विश्वास टाकून माणसं आपला श्वास, झोप, पैसा आणि कधी कधी औषधंही दुसऱ्याच्या हाती सोपवतात.

लिहिलेलं काय आहे

बाबाजींचं नाव जगभर गेलं ते परमहंस योगानंदांच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रामुळे. मराठीत ते 'योगी कथामृत' म्हणून वाचलं जातं. त्यातलं वर्णन मोजकं आहे. मध्यम बांधा, गोरा वर्ण, तांबूस लांब केस, शांत काळे डोळे. बद्रीनाथच्या आसपासच्या डोंगरांत मोजक्या शिष्यांसह फिरतात आणि मुक्काम हलवायचा झाला की 'डेरा डंडा उठाओ' एवढंच म्हणतात. जन्म कुठला, घराणं कुठलं, मूळ नाव काय, याची नोंद नाही, असं तो ग्रंथच सांगतो. जे चित्र आपण सगळीकडे पाहतो ते छायाचित्र नव्हे, योगानंदांच्या सांगण्यावरून काढलेलं रेखाटन आहे.

तारखा ओळीने मांडल्या की चित्र स्पष्ट होतं. श्यामाचरण लाहिरी, म्हणजे लाहिरी महाशय, यांचा जन्म १८२८ चा, बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातला. ते सरकारच्या लष्करी बांधकाम खात्यात हिशेबनीस होते. १८६१ साली त्यांना राणीखेतजवळ बाबाजी भेटले असं परंपरा मानते. त्यांचे शिष्य श्रीयुक्तेश्वर यांना १८९४ च्या जानेवारीत प्रयागच्या कुंभमेळ्यात बाबाजींचं दर्शन झालं. श्रीयुक्तेश्वरांचे शिष्य योगानंद यांना ते १९२० मध्ये, अमेरिकेला निघण्याच्या आधी, कोलकात्याच्या राहत्या घरी भेटले. ती तारीख २५ जुलै मानतात आणि त्या दिवशी बाबाजींचा स्मृतिदिन पाळतात. म्हणजे राणीखेतची भेट आणि तिची सविस्तर छापील हकीकत यांत ८५ वर्षं आहेत. मधला बहुतेक प्रवास तोंडी आहे.

एक धागा मात्र याहून जुना आहे. श्रीयुक्तेश्वरांनी १८९४ मध्ये 'कैवल्यदर्शनम्' लिहिलं. हे लेखन परमगुरूंच्या, म्हणजे आपल्या गुरूंच्या गुरूंच्या, आज्ञेवरून झालं, हे त्यांनी त्याच ग्रंथात प्रयागक्षेत्राच्या उल्लेखासह नोंदवलं आहे. भेट आणि नोंद इथे एकाच काळातली आहेत. बाबाजींच्या कथेतला सगळ्यात भक्कम दुवा आम्हाला हाच वाटतो. चमत्काराच्या गोष्टी लोकांच्या जास्त लक्षात राहतात, या ओळीची दखल मात्र फारशी कोणी घेत नाही.

राणीखेतची कथा थोडक्यात अशी. दानापूरच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या लाहिरींची बदली अचानक राणीखेतला झाली. एका दुपारी डोंगरातून फिरताना त्यांना कोणी तरी नावाने हाक मारली. द्रोणगिरीच्या उतारावर एका गुहेजवळ एक तरुण योगी उभा होता. 'ही घोंगडी ओळखतोस का?' असं त्याने विचारलं आणि कपाळाला स्पर्श करताच लाहिरींना मागचा जन्म आठवला. पुढे क्रियायोगाची दीक्षा झाली. बदली मुळात चुकून झाली होती, असं सांगणारा हुकूम काही दिवसांतच येणार होता आणि तसा तो आलाही.

या कथेत बाबाजींनी चमत्काराने उभा केलेला सुवर्णमहालही आहे आणि बहुतेक जण तोच लक्षात ठेवतात. पण तिचा कणा वेगळा आहे. दीक्षा झाल्यावर हिमालयातच राहावं, असं लाहिरींना वाटत होतं. बाबाजींनी त्यांना परत पाठवलं, बायकामुलांत आणि नोकरीत. आधी ही साधना फक्त सर्वसंगपरित्याग केलेल्यांसाठी होती. प्रामाणिक मुमुक्षू गृहस्थांनाही ती द्यावी, अशी विनंती लाहिरींनी केली आणि ती मान्य झाली. 'स्वल्पमप्यस्य धर्मस्य त्रायते महतो भयात्' हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चरण त्या प्रसंगाशी जोडला जातो. लाहिरींनी १८८६ पर्यंत नोकरी केली, निवृत्तिवेतन घेतलं आणि १८९५ मध्ये काशीत देह ठेवला. संध्याकाळी कचेरीतून घरी येऊन शिष्यांना शिकवणारा कारकून, ही या परंपरेची खरी ओळख आहे.

हेच आपल्या दारात

गोव्याच्या वाचकाने यासाठी राणीखेतच्या कुमाऊं भागापर्यंत जाण्याची गरज नाही. गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा लागतं. तिथे १७१४ साली सोहिरोबानाथ आंबिये जन्मले. घराणं मूळचं पेडण्यातल्या पाळ्याचं. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. सोहिरोबा बांद्याचे कुलकर्णी होते, म्हणजे तेही हिशेबाच्या वह्या सांभाळणारेच. वयाच्या पस्तिशीत, सावंतवाडीला दरबारी कामासाठी निघालेले असताना, इन्सुलीच्या रानात ते वाटेत थांबले आणि जवळचा फणस फोडून बसले, असं सांगतात. तेवढ्यात एक तेजस्वी अवधूत पुढे आला आणि त्याने गरे मागितले. सोहिरोबांनी दिले. अवधूताने मस्तकावर हात ठेवला, उपदेश केला आणि तो दिसेनासा झाला. हा अवधूत म्हणजे गहिनीनाथ, असं नाथपरंपरा सांगते. सोहिरोबांच्या रचनांत तो गैबीनाथ म्हणूनही येतो. त्यानंतर कुलकर्णीपणावरचं मन उडालं आणि 'महदनुभवेश्वरी', 'सिद्धांतसंहिता', 'अक्षयबोध' असे ग्रंथ लिहून झाले.

आता काळाचा हिशेब करा. ज्ञानेश्वरांच्या परंपरेत आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असा क्रम आहे. म्हणजे गहिनीनाथ तेराव्या शतकातले. सोहिरोबांची भेट अठराव्या शतकाच्या मध्यावरची. अंतर सुमारे ५०० वर्षांचं. हे अंतर भरून काढण्यासाठी गुरूला तीनपैकी काहीतरी असावं लागतं. देहाने चिरंजीव, नाहीतर सूक्ष्म रूपाने वावरणारा, नाहीतर नव्या देहात आलेला. अमर गुरूच्या बहुतेक कथा नेमक्या अशाच जागी उभ्या राहतात, जिथे अनुभव पक्का असतो पण समोर जिवंत गुरुशिष्याची साखळी सापडत नाही.

आणखी एक जागा दाखवतो. फोंडा तालुक्यातला कवळे मठ गौडपादाचार्यांच्या नावाने आहे. अद्वैत परंपरेचा गुरुवंदनेचा श्लोक नारायण, ब्रह्मदेव, वसिष्ठ, शक्ती, पराशर, व्यास, शुक असा येत येत थेट गौडपादांवर येतो, मग गोविंदपाद, मग शंकराचार्य. शुकमुनी महाभारताच्या काळातले आणि गौडपाद इसवी सनातले. एवढं मोठं अंतर परंपरा एका चरणात ओलांडते, कारण शुकांना काळ बाधत नाही हे तिने गृहीत धरलं आहे. योगानंदांनी आपल्या ग्रंथात शंकराचार्यांना आणि कबिरांना बाबाजींनी योगदीक्षा दिल्याचं म्हटलं आहे. पण वरच्या श्लोकात बाबाजी नाहीत. दोन परंपरा आपापली साखळी वेगवेगळी सांगतात. एकीने दुसरी खोडून काढायची गरज नाही, मात्र एकीचा पुरावा म्हणून दुसरी पुढे करणंही बरोबर नाही.

इथे मराठी वाचकाची हमखास एक गल्लत होते. तुकोबांच्या गुरूचं नावही बाबाजी. 'बाबाजी आपलें सांगितलें नाम, मंत्र दिला रामकृष्णहरि' हे त्यांचं स्वतःचं सांगणं आहे. ही दीक्षा स्वप्नातली होती आणि दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार होता. हे बाबाजी चैतन्य, राघव चैतन्य आणि केशव चैतन्य यांच्या परंपरेतले. त्यांचा राणीखेतच्या बाबाजींशी संबंध जोडणारं काहीही नाही. आणि तुकोबांनी स्वप्न हे स्वप्न म्हणूनच सांगितलं. गुरू अजून देहात आहे की नाही, हा प्रश्नच त्यांनी येऊ दिला नाही. एवढा स्वच्छ प्रामाणिकपणा या विषयावरच्या लिखाणात क्वचित दिसतो.

अमर म्हणजे कोणत्या अर्थाने

'चिरंजीव' हा एक शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि वाद तिथूनच सुरू होतात.

अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम हे पुराणांचे सात चिरंजीव. त्यांचं आयुष्य वराने किंवा शापाने मिळालेलं आहे, साधनेने नव्हे. परशुराम तर आपल्याच भूमीचा. समुद्र हटवून कोकण वसवल्याची कथा त्याची, काणकोणात पैंगीणला त्याचं देऊळ आहे. पण परशुराम कोणाला प्राणायाम शिकवायला येतो, असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. दत्तात्रेयांचं वेगळं. ते काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा घेतात, माहूरला निजतात, आणि शिवाय श्रीपाद श्रीवल्लभ, नृसिंह सरस्वती अशा देहांतून पुन्हा येतात. गोव्यातल्या साखळी इथल्या दत्तमंदिरात जाणाऱ्या भाविकाला दत्त जवळ आहे असं वाटतं, ते या सततच्या वावरामुळे. तिथे एकच देह टिकवण्याचा दावा नाही.

सिद्धांचा दावा मात्र देहाचाच आहे. पंधराव्या शतकाच्या सुमाराची 'हठयोगप्रदीपिका' पहिल्याच उपदेशात मत्स्येंद्र, गोरक्ष, चौरंगी अशी नामावळी देते आणि म्हणते, 'खण्डयित्वा कालदण्डं ब्रह्माण्डे विचरन्ति ते'. काळाचा दंड मोडून हे सिद्ध ब्रह्मांडात फिरतात. हे घडतं कसं, याचं त्या ग्रंथाचं स्पष्टीकरण असं आहे. टाळूच्या वर चंद्र आहे, त्यातून अमृत पाझरतं. नाभीजवळ सूर्य आहे, तो ते गिळतो. म्हणून शरीर म्हातारं होतं. विपरीतकरणीत शरीर उलटं करून चंद्र खाली आणि सूर्य वर आणायचा. खेचरीत जीभ टाळूमागे नेऊन पाझरच अडवायचा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झाल्यावर योग्याला नवी कांती, नवी नखं, नवे दात येतात असं जे वर्णन आहे, ते याच नाथमताचं. आजच्या शरीरशास्त्रात या चंद्रसूर्यांना जागा नाही. साधकाने त्यांच्याकडे ध्यानाचा नकाशा म्हणून पाहावं. औषधोपचाराचं ते शास्त्र नव्हे.

चौथा अर्थ पतंजलींचा, आणि आमच्या मते तो सगळ्यांत टिकाऊ. 'स पूर्वेषामपि गुरुः कालेनानवच्छेदात्', पहिल्या पादातलं सव्विसावं सूत्र. पूर्वजांचाही गुरू तोच, कारण काळ त्याला तोडू शकत नाही. इथे गुरू म्हणजे ईश्वर. देहाचा विषयच नाही. तिसऱ्या पादात 'मूर्धज्योतिषि सिद्धदर्शनम्' हे सूत्र आहे. मस्तकातल्या प्रकाशावर संयम, म्हणजे एकाग्र ध्यान, केला की सिद्ध दिसतात. म्हणजे सिद्धांचं दर्शन होणं शास्त्राला मान्य आहे, पण ध्यानातला अनुभव म्हणून.

मराठी परंपरेने तर दीर्घायुष्याची कसोटी केव्हाच लावून टाकली आहे. चांगदेव १४०० वर्षं जगले अशी कथा. काळ जवळ आला की समाधी लावून तो चुकवायचे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला आले. त्याआधी पत्र धाडलं होतं ते कोरं, कारण वयाने लहान पण ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा ते सुचेना. एवढी वर्षं तप करून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी ६५ ओव्या लिहिल्या, ती चांगदेवपासष्टी, आणि चांगदेवांची गुरू झाली ती ही लहानशी मुलगी. बाबाजींचं वय किती, यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी ही कथा एकदा पुन्हा वाचावी.

बाबाजी किती?

तमिळ परंपरेत बाबाजी नागराज आहेत. जन्म इसवी सन २०३, गाव परंगीपेट्टै, गुरू बोगर आणि अगस्त्य. ही माहिती १९५० च्या दशकापासून नीलकंठन आणि रामय्या यांच्या लिखाणातून पुढे आली. योगानंदांच्या ग्रंथात जन्माची नोंद नाही म्हटलं आहे, तर इथे सालासकट आहे. कुमाऊंतलं हैडाखान तिसरं. काठगोदामजवळच्या या गावी १९७० मध्ये एक तरुण साधू प्रकट झाले, देशीविदेशी शिष्य जमले, अनेकांनी त्यांनाच बाबाजी मानलं. त्यांनी १९८४ च्या फेब्रुवारीत देह ठेवला. त्यामुळे कोणी 'बाबाजींचा क्रियायोग' म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणते बाबाजी? लाहिरींच्या परंपरेतले, रामय्यांच्या की हैडाखानचे? तिन्ही ठिकाणी साधना वेगळी, क्रम वेगळा, ग्रंथ वेगळे. तिन्हींचं मिश्रण करून एकच शिबिर घेणारा माणूस बहुतेकदा तिन्हींतलं काहीच नीट शिकलेला नसतो.

क्रिया म्हणजे काय करतात

पतंजलींचा क्रियायोग म्हणजे तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. लाहिरींच्या परंपरेतली क्रिया ही त्याच नावाची एक ठरावीक प्राणायामपद्धती. प्राण पाठीच्या कण्यातल्या सहा केंद्रांभोवती, मूलाधारापासून भ्रूमध्यापर्यंत, वर आणि खाली मनाने फिरवायचा. नेमकी कृती दीक्षेशिवाय सांगत नाहीत आणि ती इथे लिहिण्यात अर्थही नाही.

आकडे मात्र छापलेले आहेत. एका क्रियेला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात एका वर्षाइतकी स्वाभाविक उत्क्रांती होते, असं योगानंद म्हणतात. साडेआठ तासांत १००० क्रिया. भागाकार करून पाहा, एका क्रियेला ३० सेकंदांच्या किंचित वर येतात. पण हा आकडा मुरलेल्या योग्याचा. नवशिक्याला त्याच ग्रंथात १४ ते २८ क्रिया, दिवसातून दोनदा, असं सांगितलं आहे. म्हणजे एका बैठकीत ७ ते १४ मिनिटं. एका वर्षाच्या उत्क्रांतीचा हिशेब श्रद्धेचा, तो मोजता येत नाही. चौदाचा हिशेब मात्र शिस्तीचा, आणि लोक नेमका तोच मोडतात.

योगदा सत्संगात, म्हणजे योगानंदांनी १९१७ साली स्थापन केलेल्या संस्थेत, थेट क्रिया देत नाहीत. आधी काही महिने पाठ येतात. शक्तिसंचाराचे व्यायाम, मग श्वासावर लक्ष ठेवण्याची हं-सः पद्धत, मग ॐचं ध्यान, आणि हे नियमाने झाल्यावर क्रियेसाठी अर्ज. हं-सः नाथपंथीयांना नवी नाही. माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो, म्हणजे चार सेकंदांना एक, आणि प्रत्येक श्वास आपोआप सोऽहम् म्हणतो, हाच तो अजपाजप.

ही प्राथमिक पायरी कोणालाही सुरक्षितपणे करता येते. जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. गोव्याच्या दमट उकाड्यात पहाटेची वेळ बरी, पंखा सरळ अंगावर नको. पाट किंवा घडी घातलेलं घोंगडं घेऊन कमरेचा भाग गुडघ्यांपेक्षा दोन-तीन बोटं वर येऊ द्या, नाहीतर दहाव्या मिनिटाला पाठीला पोक येतो आणि श्वास वरच्यावर व्हायला लागतो. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकलेले ठेवा. श्वास आत येताना मनात 'हं', बाहेर जाताना 'सः'. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, फक्त पाहायचा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे.

बिघडतं ते इथेच. पाहता पाहता माणूस श्वास ओढायला लागतो. चार-सहा दिवसांत डोकं जड होतं, कपाळाच्या मध्ये ताण बसतो, छातीत धडधड होते, झोप उडते. कोणी तरी सांगतं की हे कुंडलिनी जागृतीचं लक्षण आहे आणि माणूस आवर्तनं दुप्पट करतो. प्रदीपिका नेमकं उलट सांगते: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, 'अन्यथा हन्ति साधकम्'. अशी लक्षणं दिसली तर प्राणायाम सरळ थांबवा, चाला, नीट जेवा, झोपा, आणि ज्याने शिकवलं त्याला सांगा. तो 'थांबू नका' म्हणाला, तर गुरू बदला. रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी श्वास रोखून धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मनोविकाराची औषधं चालू असतील तर ती कोणाच्याही आशीर्वादावर बंद करू नयेत.

दर्शनांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ध्यानात प्रकाश दिसणं, ओळखीचा चेहरा दिसणं हे बऱ्याच जणांना होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कोणी आज्ञा देतोय असा आवाज सतत ऐकू येत असेल, दोन-तीन रात्री झोपच नसेल, आपली निवड झाली आहे अशा भरात माणूस पैसे वाटू लागला असेल, तर घरच्यांनी वाट पाहू नये. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवावं, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करावा. वेळेत उपचार झाले तर माणूस पुन्हा साधनेलाही बसू शकतो.

'मला बाबाजींनी पाठवलंय'

असं सांगणारे भेटतात. त्यांना पारखायचे निकष बाहेरून आणायला नकोत, बाबाजींच्या कथांतच आहेत.

मुरादाबादला मित्रांनी शंका घेतली म्हणून लाहिरींनी बाबाजींना बोलावलं. ते आले, सगळ्यांसोबत शिरा खाल्ला, मित्रांनी हात लावून खात्री केली. पण जाताना शिष्याची कानउघाडणी झाली: क्षुल्लक कुतूहलासाठी बोलावलंस, आता तू हाक मारशील तेव्हा नव्हे, तुला गरज असेल तेव्हाच येईन. म्हणजे जाहिरात करून, तिकीट लावून दर्शन घडवणं या परंपरेत बसत नाही. दुसरी गोष्ट कुंभमेळ्यातली. एका साधूविषयी लाहिरींच्या मनात तिरस्काराचा विचार आला आणि वळून पाहतात तर बाबाजी एका संन्याशाचे पाय धूत होते, नंतर त्याची भांडीही घासणार होते. तिसरी गोष्ट श्रीयुक्तेश्वरांची. १८९४ मध्ये समोर बसून बोलत असताना ते बाबाजी आहेत हे त्यांना कळलंच नव्हतं. ते नंतर लाहिरींकडून समजलं. अशा गुरूचं नाव कोणी पहिल्याच वाक्यात वापरत असेल तर सावध व्हावं.

याशिवाय व्यवहाराचे प्रश्न विचारावेत. दीक्षा कोणाकडून झाली? त्यांची कोणाकडून? फी किती, कशाची, पावती मिळते का? दोन दिवसांच्या शिबिरात 'उच्च क्रिया' देणार असतील तर आधीचे महिने कुठे गेले? घरच्यांना सांगू नका, असा आग्रह आहे का? दीक्षेच्या नावाने एकांतात अंगाला स्पर्श? शेवटच्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढे काही विचारायची गरज नाही, उठून निघायचं.

आपल्या देवळांत कौल लावतात तेव्हा मूर्तीच्या अंगावर ठरावीक जागी पाकळ्या चिकटवल्या जातात आणि उजवी पडते की डावी ते सगळ्यांदेखत पाहतात. देवाचं सांगणंसुद्धा चारचौघांत व्हावं, असा हा दंडक आहे. बंद खोलीत एकट्यालाच आलेला बाबाजींचा निरोप, आणि त्यात तुमच्या जमिनीचा किंवा पैशाचा उल्लेख, हे ना आपल्या रीतीत बसतं ना हिमालयातल्या. सोहिरोबांनी 'हरिभजनाविण काळ घालवू नको रे' या पदात 'अनुभवावीण मान हालवू नको रे' असं म्हणून ठेवलंय. पंडित जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात ते गोव्यात घरोघरी गेलं आहे. ज्याला रानात अवधूत भेटला त्याच माणसाचं हे सांगणं आहे.

जायचं असेल तर

लाहिरींच्या भेटीची म्हणून जी गुहा दाखवतात ती अल्मोडा जिल्ह्यात, द्वाराहाटच्या पुढे कुकुचिना गावाजवळ आहे. गोव्याहून गोवा एक्सप्रेसने हजरत निजामुद्दीन, मग जुन्या दिल्लीहून राणीखेत एक्सप्रेसने काठगोदाम, तिथून रस्त्याने राणीखेत, द्वाराहाट आणि कुकुचिना. शेवटचा टप्पा चढणीची पायवाट आहे. द्वाराहाटला योगदा सत्संगाचा आश्रम आहे. गुहा कधी उघडी असते ते तिथे आधी विचारून घ्या. आत जागा लहान आहे, मोजकेच लोक मावतात, मौन पाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून रस्ते बंद होतात, डिसेंबर-जानेवारीत थंडी समुद्रकाठच्या माणसाला सोसत नाही. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर ठीक.

नकाशावर 'द्रोणगिरी' शोधताना मात्र जपून. त्या नावाचं ७,०६६ मीटरचं हिमशिखर आणि त्याच नावाचं गाव चमोली जिल्ह्यात आहे, तिथे या गुहेचा काही संबंध नाही. आपल्याला हवी ती द्वाराहाटजवळची दुनागिरी, जिथे देवीचं देऊळ आहे. गाडी ठरवताना चालकाला द्रोणगिरी न सांगता कुकुचिना सांगावं.